उकललेल्या कोड्याचा विटाळ

रहस्यकथेचा विषय निघाला की मराठी समीक्षाव्यवहारात एक वाक्य निरनिराळ्या शब्दांत हमखास भेटते : खुनी कोण हे एकदा कळले की त्या पुस्तकात काही उरत नाही. वाक्य सोयीचे आहे. ते उच्चारल्यावर पुस्तक वाचण्याची गरज राहत नाही आणि न वाचता त्याची प्रतवारी लावता येते. वस्तुतः हा युक्तिवाद नव्हे. हा निकाल आहे. त्याच्या मागे असे गृहीत धरलेले आहे की रहस्यकथेचा वाचक एक माहिती मिळविण्यासाठी वाचतो, ती माहिती शेवटच्या पानावर असते, आणि आधीची दोनशे पाने म्हणजे त्या पानापर्यंत पोहोचण्याचे भाडे होय. हे गृहीत खरे असते तर वाचकाने शेवटचे पान आधी उघडले असते. तो तसे करीत नाही. शेजाऱ्याने शेवट सांगून टाकला तर त्याला संताप येतो. दोनशे पानांचे श्रम वाचवून देणाऱ्या माणसाचा राग यावा, ही गोष्ट ‘माहिती’च्या सिद्धांतात बसत नाही.

बाबूराव अर्नाळकरांनी (१९०६–१९९६) हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे नाव जेथे जेथे येते तेथे ही संख्या येते, आणि बहुधा संख्याच येते. गुरुनाथ नाईकांच्या बाबतीतही हेच घडले. २०२१ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा मृत्युलेखांतून आकडे पुन्हा एकदा मोजले गेले. कवीच्या बाबतीत ‘यांनी सातशे कविता लिहिल्या’ एवढ्यावर कोणी थांबत नाही. त्यांतल्या कोणत्या टिकल्या हे विचारले जाते. हजार रहस्यकथांतल्या कोणत्या दहा चांगल्या, हा प्रश्न मात्र विचारण्याजोगा वाटलेला नाही. आश्चर्य व्यक्त करून मूल्यमापन टाळण्याची ही रीत तुच्छतेपेक्षाही अपमानकारक आहे. तुच्छता निदान काहीतरी वाचल्याचा आव तरी आणते.

या अनास्थेला इतिहास आहे, आणि तो सर्वस्वी अनुदार नाही. ना. सी. फडक्यांनी ‘प्रतिभासाधना’त (१९३१) कथानकाच्या रचनेचे जे तंत्र मांडले, त्याने पुढच्या दीड दशकातील कथाकादंबरीला एक घोटीव, बेतीव गुळगुळीतपणा आला. नवकथेचे बंड त्याविरुद्ध होते. गाडगीळ, गोखले, भावे, माडगूळकर यांच्या कथेने घटनांच्या साखळीपेक्षा अनुभवाच्या पोताला महत्त्व दिले, आणि त्या कथेबरोबर वाढलेल्या समीक्षेने ‘कथानक’ हा शब्दच संशयित ठरविला. बंड आवश्यक होते. परंतु बंड संपल्यावर त्याची सवय उरली. घटनाप्रधान म्हणजे कृत्रिम, रचनाबद्ध म्हणजे यांत्रिक, रंजक म्हणजे उथळ अशी समीकरणे तपासणीवाचून चालत आली. फडक्यांवर जो खटला चालविला गेला त्याची शिक्षा रहस्यकथेला झाली. तिची साक्षसुद्धा कोणी नोंदविली नव्हती.

या समीक्षेची खरी आवडनिवड कोठे आहे हे पाहावयाचे असेल तर ‘गूढ’ आणि ‘रहस्य’ या दोन शब्दांकडे पाहावे. गूढकथेला मराठीत प्रतिष्ठा आहे. जी. ए. कुलकर्णींच्या कथेतील गूढावर प्रबंध झाले. रत्नाकर मतकरींच्या गूढकथेला निदान स्वतंत्र प्रकार म्हणून मान मिळाला. रहस्यकथेला तो नाही. दोहोंत मृत्यू आहे, भय आहे, दडविलेले काही आहे. फरक एवढाच की गूढ शेवटपर्यंत गूढ राहते आणि रहस्य उकलते. म्हणजे न सुटलेले कोडे खोल आणि सुटलेले उथळ, असा हा न्याय आहे. ज्याचा उलगडा झाला ते विटाळले! विद्यापीठीय समीक्षेला न सुटणारे कोडे का प्रिय असावे, याचे उत्तर अवघड नाही. त्यावर लिहीत राहता येते. रहस्यकथा आपले स्पष्टीकरण स्वतःच देऊन मोकळी होते आणि भाष्यकाराची जागा शिल्लक ठेवीत नाही. भाष्यकाराच्या सोयीला साहित्याची खोली म्हणण्याची चूक येथे होते.

आता मुख्य प्रश्न असा की रहस्यकथेच्या आस्वादात नेमके काय घडते. यासाठी परदेशी सिद्धांतांकडे धावण्यापूर्वी घरातील एक जुनी यादी काढून पाहणे उपयोगाचे ठरेल. भरताने सांगितलेल्या तेहतीस व्यभिचारी भावांत शंका आहे, वितर्क आहे, मति आहे, स्मृति आहे, औत्सुक्य आहे, त्रास आहे. आणि अवहित्थ आहे, म्हणजे मनातील भाव चेहऱ्यावर दिसू न देणे. ही सात नावे एका ओळीत लिहिली की रहस्यकथेचे अंतरंगच समोर येते. संशयितांच्या खोलीतील प्रत्येक माणूस अवहित्थाचा आश्रय घेतो. शोधकाजवळ मति आणि स्मृति असते. वाचकाच्या वाट्याला शंका, वितर्क आणि औत्सुक्य येते. एरवी हे भाव स्थायीच्या सेवेला येतात आणि जातात, म्हणून तर ते ‘व्यभिचारी’. शृंगारात शंका येते ती रतीला गडद करण्यासाठी. रहस्यकथेचे वैशिष्ट्य असे की तिने या येणाऱ्याजाणाऱ्यांनाच घर दिले. तेथे स्थायी दुर्बळ असतो. मृताविषयी शोक करावयास वाचकाला सवड नसते, त्याची ओळखही पुरती झालेली नसते. संचारी भाव मात्र एकमेकांना रेटीत, खोडीत, पुन्हा उभे करीत अखेरपर्यंत जागे राहतात.

रसवादी यावर म्हणेल की स्थायीवाचून रस नाही, म्हणून हा आस्वाद अपुरा. त्याने नाट्यशास्त्रातीलच दुसरी एक गोष्ट आठवावी. निर्वहण संधीत अद्भुत रस असावा, असे भरत सांगतो. पसरलेले धागे एकत्र येतात त्या क्षणी विस्मय व्हावा, ही अपेक्षा त्याने कोणत्याही एका प्रकारापुरती ठेवलेली नाही. रहस्यकथेने ही अपेक्षा इतकी मनावर घेतली की तिचा सगळा भार निर्वहणावर येऊन पडला. विस्मय हा तिचा स्थायी आहे. मात्र तो सतत अनुभवास येणारा नव्हे, विलंबाने येणारा स्थायी आहे. तो शेवटी येतो आणि मागे वळून सर्व पानांवर पसरतो. आधीच्या शंका-वितर्कांना त्यानंतर वेगळा अर्थ येतो. रससिद्धांताच्या नेहमीच्या उदाहरणांत हा उलट दिशेने पसरणारा रस सहसा भेटत नाही. म्हणून सिद्धांतच वाढविण्याची संधी येथे होती, आणि ती घेतली गेली नाही.

मर्ढेकरांच्या अनुयायांचे मौन तर अधिकच नवलाचे. संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांनी बांधलेली रचना हे ज्यांच्या दृष्टीने सौंदर्याचे लक्षण, त्यांना पहिल्या प्रकरणातील थांबलेले घड्याळ अखेरच्या प्रकरणात ज्या रीतीने आपले स्थान मिळविते ते दिसावयास हवे होते. तपशिलाला स्वतःचा अर्थ नाही, सर्व रचनेशी असलेल्या संबंधातून तो येतो, हे तत्त्व रहस्यकथेइतक्या उघडपणे फारच थोड्या वाङ्मयप्रकारांत पाहावयास मिळते. कदाचित उघडपणाच आड आला असावा.

‘एकदा कळले की संपले’ या आक्षेपाकडे आता परत येता येईल. रामायणातील सीता कोणी पळविली हे ठाऊक असलेला श्रोता कीर्तनाला बसतोच, असे उत्तर कोणी दिले तर ते पुरेसे नाही. रामायण दडवणुकीवर उभे नाही, रहस्यकथा आहे. म्हणून उत्तर रहस्यकथेतूनच यावयास हवे. ॲगाथा ख्रिस्तीची रॉजर ॲक्रॉइडच्या खुनाची कादंबरी १९२६ सालची. तिची उकल येथे सांगण्याचे प्रयोजन नाही (रहस्यकथेवर लिहिणाऱ्याला हा संकोच पाळावाच लागतो आणि त्यामुळे तिची समीक्षा नेहमी एक हात बांधून लढते, हेही तिच्या उपेक्षेचे एक कारण असेल). जो ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचतो तो वेगळे पुस्तक वाचतो. पहिल्या वाचनात जी वाक्ये निरुपद्रवी होती ती आता दुहेरी होतात. कोठेही खोटे सांगितलेले नाही, तरीही फसवणूक झाली. ती एखाद्या क्रियापदाच्या काळात, वाक्याच्या क्रमात, दोन वाक्यांमधील मोकळ्या जागेत झाली, हे तेव्हा दिसते. पहिला वाचक खुनी शोधतो, दुसरा वाचक लेखिकेला पकडू पाहतो. निवेदकावर वाचक किती व का विश्वास ठेवतो, हा कथनमीमांसेतील प्रश्न सामान्य वाचकाने आगगाडीच्या प्रवासात या पुस्तकातून सोडविला आहे; त्याला त्या प्रश्नाचे नाव ठाऊक नव्हते इतकेच. याच पुस्तकाचे नाव मथळ्यात घेऊन एडमंड विल्सनने १९४५ मध्ये, ते कोणी मारले याची फिकीर कोणाला, असा सवाल केला. विल्सन मोठा समीक्षक खरा. पण रहस्यकथेला धूम्रपान आणि शब्दकोडी यांच्या दरम्यानचे व्यसन ठरविताना व्यसनी माणूस तीच वस्तू पुन्हा का मागतो, हे त्याने पाहिले नाही.

पुनर्वाचनाचा पुरावा दूरचित्रवाणीनेही दिला आहे. शरदिंदू बंद्योपाध्याय यांच्या व्योमकेशकथांवर बासू चटर्जींनी केलेली हिंदी मालिका दूरदर्शनवर १९९३ मध्ये आली, तिचा दुसरा भाग १९९७ मध्ये. रजित कपूर व्योमकेश, के. के. रैना अजित. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखविली तेव्हा ती पाहणाऱ्यांत सत्तावीस वर्षांपूर्वी ती पाहिलेला मोठा वर्ग होता. खुनी त्यांना ठाऊक होते, निदान अनेकांचे. ते पाहत होते ते अजितशी चाललेले व्योमकेशचे संथ बोलणे, बैठकीची खोली, साक्षीदाराला अडचणीत न आणता त्याच्याकडून हवे ते काढून घेणारा विनय. ‘सत्यान्वेषी’ या कथेत व्योमकेश प्रथम कलकत्त्याच्या एका मेसमध्ये परक्या नावाने राहावयास येतो. म्हणजे खुनी कोण या कोड्याआधी शोधक कोण हेच कोडे आहे, आणि अजित नावाचा निवेदक त्यातही फसतो. हे ठाऊक असणाऱ्याला पहिली भेट अधिक गोड लागते.

येथवर जुन्या समीक्षेचा विचार झाला. तिच्या जागी आलेली नवी समीक्षा रहस्यकथेला तुच्छ मानत नाही; ती तिला पुरावा मानते. लोकप्रिय साहित्याचा अभ्यास आता परिसंवादांतून होतो, शोधनिबंध लिहिले जातात, आणि फ्रँको मोरेत्तीच्या १९८३ मधील ग्रंथाचा हवाला देऊन असे सांगितले जाते की ही कथा दोष एका व्यक्तीच्या माथी मारून समाजव्यवस्थेला निर्दोष सोडते. डी. ए. मिलरने १९८८ मध्ये कादंबरी आणि पोलिसी नजर यांचे जे नाते दाखविले त्याचीही आवृत्ती होते. या म्हणण्यात तथ्य आहे. ख्रिस्तीच्या खेड्यातील सुव्यवस्था खुन्याला नेल्यावर जशीच्या तशी परत येते. ऑडेननेही १९४८ च्या निबंधात निष्पाप अवस्थेकडे परतण्याचे हे स्वप्न ओळखले होते, आणि स्वतःला या वाचनाचे व्यसन असल्याचे कबूल करूनच ओळखले होते. मराठीतील नव्या अभ्यासकांकडे नसते ती ही कबुलीच. त्यांच्या निबंधांत वाचक असतो, ‘वाचकवर्ग’ असतो, ‘उपभोक्ता’ असतो. पुस्तक हातात धरून रात्री दोन वाजेपर्यंत जागलेला माणूस मात्र नसतो. आनंद हा त्यांच्या लेखी लक्षण, आजार विचारप्रणालीचा. जुन्या समीक्षकाने वाचकाला उथळ म्हटले, नव्याने त्याला भोळा म्हटले. दोघांनीही तो काय करतो हे पाहिले नाही.

तो काय करतो? तो प्रत्येक पात्रावर संशय घेतो. खेड्यातला प्रतिष्ठित डॉक्टर, धर्मगुरू, निवृत्त लष्करी अधिकारी, घरची विश्वासू मोलकरीण यांपैकी कोणाचेही शब्द तो प्रमाण मानीत नाही. शेवटी व्यवस्था सुखरूप परत येते हे खरे. पण दोनशे पाने तिच्यातील एकही माणूस संशयापलीकडे नव्हता, हेही तितकेच खरे. विचारप्रणालीच्या हिशेबात केवळ शेवट धरायचा आणि वाचनाचा काळ वगळायचा, हे ‘खुनी कळला की संपले’ याचेच नवे रूप झाले.

याचा अर्थ मराठी रहस्यकथेची सरसकट भलामण करावी असा नाही. तशी भलामण करणारा तिसरा पक्षही आहे. बालपणी भाड्याच्या वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांच्या आठवणीने गहिवरणारा हा पक्ष समीक्षेला सर्वांत निरुपयोगी होय. त्याच्या गहिवरात एक मूलभूत भेद हरवतो. अर्नाळकरांचे काळापहाड आणि झुंजार हे मुख्यतः दुष्टांना शासन करणारे वीर आहेत. त्यांच्या कथांत वाचकाला बरोबरीने तर्क करावयास फारशी जागा नसते; वेशांतर, पाठलाग, सुटका यांचा वेग हाच तेथील आनंद. ही साहसकथा आहे, आणि दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची जी रूपांतरे केली त्यांच्याशी तिचे नाते होम्सपेक्षा जवळचे आहे. साहसकथा असणे हा दोष नव्हे. धनंजयाच्या कथांत शोधकाची भूमिका अधिक आहे, आणि सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) अमर विश्वास, फिरोज इराणी, मंदार पटवर्धन असे मालिकानायक उभे करताना संवादाला आणि शहराला जी धार आणली ती आधीच्या पिढीत नव्हती. पण ‘दुनियादारी’चा लेखक म्हणून त्यांना प्रतिष्ठा द्यायची आणि रहस्यकथा तारुण्यातील उद्योग म्हणून बाजूला सारायच्या, अशी विभागणी त्यांच्या चाहत्यांनीच करून ठेवली आहे. विटाळाची कल्पना चाहत्यांच्याही अंगवळणी पडली, ती अशी.

भाषेनेही येथे हातभार लावला. मराठीत शोधकाला रूढ शब्द ‘गुप्तहेर’. गुप्तहेर राजाचा असतो. तो बातमी आणतो, सत्य शोधत नाही. व्योमकेशने ‘डिटेक्टिव्ह’ हे नाव नाकारून ‘सत्यान्वेषी’ हे नाव घेतले, तेव्हा बंगाली कथेने आपल्या नायकाचे कार्य ठरवून टाकले. ‘रहस्यकथा’ हा मराठी शब्दही शोधावरून नव्हे, दडविलेल्या वस्तूवरून पडला आहे. त्यामुळे चांगली रहस्यकथा म्हणजे जास्तीत जास्त दडविणारी, अशी लेखकांची समजूत झाली असल्यास नवल नाही. सर्व सूत्रे वाचकासमोर ठेवूनही त्याला उत्तर न सुचू देणे, ही रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये गमतीने दहा आज्ञांत बांधलेली कसोटी. अखेरच्या पानावर अकस्मात उगवणारा जुळा भाऊ तिच्यात बसत नाही. मराठीत तो पुष्कळदा उगवला, आणि समीक्षेने त्याबद्दल कधी दम दिला नाही, कारण ती वाचतच नव्हती. ज्या लेखकाला कोणी बारकाईने वाचत नाही त्याने बारकाईने का लिहावे?

दूरचित्रवाणीवर हा प्रश्न वेगळ्या रूपात येतो. ग्रंथाचा वाचक थांबू शकतो, मागची पाने चाळू शकतो. महत्त्वाचे सूत्र एखाद्या लांब वाक्याच्या मध्यावर झाकून ठेवता येते. छायाचित्रकाला हे जड जाते. त्याने वस्तू दाखविली की ती दिसते, आणि जवळून दाखविली की ती सूत्र ठरते. बी. पी. सिंग यांची मुंबई दूरदर्शनवरील ‘एक शून्य शून्य’ पोलिसांच्या प्रत्यक्ष प्रकरणांवर उभी होती. तिने ही अडचण सोडविली ती कोडे सोडून देऊन. तेथे तपास हे काम होते. चौकीतली टेबले, कंटाळा, पायपीट यांसह. त्याच दिग्दर्शकाची ‘सीआयडी’ ही हिंदी मालिका १९९८ पासून २०१८ पर्यंत सलग वीस वर्षे चालली आणि २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाली. शिवाजी साटम दोहोंतही होते. पण ‘सीआयडी’त सूत्र सापडल्याची वर्दी पार्श्वसंगीत देते, निष्कर्ष प्रयोगशाळा देते आणि कबुली थप्पड देते. दार तोडणे हा तर्काचा पर्याय होतो. प्रेक्षकांनी या मालिकेवर जीव लावला तो या सर्वांसह, थोडा तिची थट्टा करीतच. मात्र हा आनंद ओळखीच्या माणसांना दर आठवड्याला भेटण्याचा होता. शंका-वितर्कांचा नव्हता. दोन्ही आनंद खरे, पण ते एक नव्हेत. आणि ‘रंजन’ या एकाच पोत्यात ते भरणाऱ्या समीक्षेला हा भेद सांगता येणार नाही.

झी मराठीवरील ‘देवमाणूस’ने (२०२०–२१) आणखी एक वाट घेतली. खुनी पहिल्यापासून ठाऊक. गाव त्याला डॉक्टर म्हणून पूजते. ऑस्टिन फ्रीमनने १९१२ मध्ये ‘द सिंगिंग बोन’ या संग्रहात उलट्या क्रमाची जी कथा रूढ केली, तिची ही दूरची नातलग. फ्रीमनच्या कथेत आधी गुन्हा दिसतो आणि मग तपासातील प्रत्येक पायरीचा आनंद मिळतो. ‘देवमाणूस’मध्ये तपास लांबत राहतो, कारण मालिका लांबावयाची असते. उकल पुढे ढकलण्याचे कारण कथेच्या आत नसून जाहिरातींच्या वेळापत्रकात असते. रोज रात्री जो ताण निर्माण होतो तो वितर्काचा नव्हे, केवळ प्रतीक्षेचा. येथे समीक्षेने कठोर व्हावयास हवे होते. मृत स्त्रियांच्या वाट्याला या मालिकेत काय आले, हेही विचारावयास हवे होते. वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत कलाकारांच्या मुलाखती आल्या. वाङ्मयीन नियतकालिकांना मालिका पाहणे कमीपणाचे वाटले असावे. परिणामी लाखो घरांत रोज पाहिल्या गेलेल्या एका कथनप्रकाराचे मूल्यमापन त्याच्या प्रेक्षकसंख्येवर सोपविले गेले. अर्नाळकरांच्या वेळी ते पुस्तकांच्या संख्येवर सोपविले होते.

त्या पुस्तकांची अवस्था अशी की निवडक कथांचे पुनर्मुद्रण अलीकडे झाले असले तरी बहुतेक मूळ प्रती स्वस्त कागदावर, टाचणीच्या बांधणीत निघाल्या होत्या. भाड्याने पुस्तके देणारी वाचनालये गावोगाव बंद पडली तेव्हा अशा प्रती रद्दीत जाणे क्रमप्राप्तच होते. धनंजयाच्या कोणत्या कथेत सूत्रे वाचकासमोर ठेवली आहेत आणि कोणत्या कथेत ती अखेरीस खिशातून काढली आहेत, हे ठरवावयाचे तर निदान शंभर-दीडशे कथा क्रमाने, पेन्सिल हातात घेऊन वाचाव्या लागतील. त्यासाठी त्या कथा प्रथम एका ठिकाणी सापडावयास हव्यात.